चुंबक, व्होल्टेज आणि कमी विजेची मेमरी : वाद कुठवर आला

जबलपूर शहरातल्या बडा शिमला टेकडीवर लमेटा थरांच्या वर डेक्कन ट्रॅपचा काळा कातळ बसलेला आहे. या परिसराचं नाव झालं ते डायनासोरच्या हाडांमुळे. पण माथ्यावरच्या बेसाल्टची आणखी एक ओळख आहे आणि ती सहसा भूभौतिकीवाल्यांच्या बोलण्यातच येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या चुंबकीय खनिजाच्या बारीक कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरली, आणि ती आजही मोजता येते. ना वीज लागली, ना देखभाल. माहिती टिकवण्यात चुंबकाचा हात धरणारं दुसरं काही सहज सापडणार नाही.

अडचण लिहिण्याची आहे. या खडकात नवी दिशा लिहायची तर तो पुन्हा शेकडो अंशांपर्यंत तापवावा लागेल. संगणकाच्या मेमरीला टिकणं आणि बदलणं दोन्ही हवं असतं, तेही एका सेकंदात कोट्यवधी वेळा. आजच्या डीरॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका छोट्या कपॅसिटरवरचा विद्युतभार असतो. तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी सगळी मेमरी पुन्हा भरावी लागते. यंत्र रिकामं बसलं असलं तरी वीज जळतच राहते. चुंबकीय बिट गळत नाही, पण त्याची दिशा फिरवायला आजवर विद्युतप्रवाह लागत आला आहे, आणि प्रवाह म्हटला की उष्णता आली. मग प्रवाह न वाहवता, नुसत्या व्होल्टेजने, म्हणजे विद्युतक्षेत्राने चुंबकाची दिशा बदलता येईल का? गेली पंचवीस वर्षं पदार्थविज्ञानाची एक मोठी शाखा या प्रश्नाभोवती फिरते आहे. ती कुठे पोचली, कोणते वाद मिटले आणि कोणते अजून उघडे आहेत, याचा हा आढावा.

दोन आकडे

आधी पैज किती मोठी आहे ते पाहू. मोठ्या चिपवरच्या असंख्य बिट्सनी दहा वर्षं आपली दिशा सोडू नये यासाठी ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन अवस्थांमधला ऊर्जेचा उंबरठा खोलीच्या तापमानाच्या उष्मीय ऊर्जेच्या साधारण साठपट लागतो, असं धरून चालतात. खोलीच्या तापमानाला ती उष्मीय ऊर्जा सुमारे ४.१ × १०⁻²¹ ज्यूल भरते, म्हणजे उंबरठा झाला सुमारे २.५ × १०⁻¹⁹ ज्यूल. प्रवाहाने लिहिणाऱ्या चुंबकीय मेमरीत एक बिट लिहायला ढोबळ मानाने १०० फेम्टोज्यूल, म्हणजे १०⁻¹³ ज्यूल खर्च होतात. उंबरठ्याच्या चार लाख पट. यातला बराच भाग वाया जाणारा आहे, आणि या क्षेत्रातली सगळी आशा त्या वाया जाणाऱ्या भागावरच उभी आहे.

प्रवाहाने लिहिण्याचा काळ

चुंबकीय मेमरी आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला, तेव्हा त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्यांतून ओवलेल्या तारांत प्रवाह सोडायचा, त्याच्या चुंबकक्षेत्राने कडी या किंवा त्या बाजूला वळायची. पुढे सिलिकॉनने या कड्या मोडीत काढल्या आणि चुंबक हार्डडिस्कच्या तबकडीवर जाऊन बसला.

त्याला चिपवर परत आणलं ते पातळ थरांच्या भौतिकीने. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे प्रचंड चुंबकरोध शोधला, त्याला २००७ चं नोबेल मिळालं. १९९५ मध्ये दोन चुंबकीय थरांमध्ये विद्युतरोधी पडदा ठेवून खोलीच्या तापमानाला तसाच परिणाम दिसला, आणि २००४ मध्ये तो पडदा मॅग्नेशियम ऑक्साइडचा केल्यावर परिणाम कित्येक पटींनी वाढला. दोन थरांच्या दिशा जुळल्या तर रोध कमी, उलट झाल्या तर जास्त. बिट वाचण्याची सोय झाली. लिहिण्यासाठी स्लोन्चेव्स्की आणि बर्जर यांनी १९९६ मध्ये सुचवलेला मार्ग उपयोगी पडला: इलेक्ट्रॉनांचा स्पिन एका बाजूला झुकलेला प्रवाह थरातून सोडला तर तो थराला आपल्या बाजूला ओढतो. फ्रीस्केलने २००६ मध्ये ४ मेगाबिटची चुंबकीय मेमरी बाजारात आणली, ती अजून तारेतल्या प्रवाहाच्या चुंबकक्षेत्राने लिहिणारी होती. स्पिनच्या प्रवाहाने लिहिणारी जात नंतर आली, आणि सॅमसंगने २०१९ मध्ये २८ नॅनोमीटर तंत्रावर ती चिपच्या आतच बसवून उत्पादन सुरू केलं.

म्हणजे व्होल्टेजवाल्यांसमोर आज रिकामं मैदान नाही, चालतं उत्पादन आहे. त्याहून चांगलं काही दाखवायचं आहे. अनेक शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत ही गोष्ट चटकन मागे पडते.

व्होल्टेजला वर-खाली कळत नाही

पुढचे सगळे पंथ समजायला भौतिकीतली एक साधी बाब लक्षात ठेवावी लागते. चुंबकत्व काळाच्या उलटापालटीत उलटतं: इलेक्ट्रॉनांचं फिरणं मागे फिरवलं तर चुंबकाचा उत्तर ध्रुव दक्षिणेला जातो. स्थिर विद्युतक्षेत्र मात्र तसंच राहतं. त्यामुळे नुसतं विद्युतक्षेत्र ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन अवस्थांपैकी एकीला झुकतं माप देऊ शकत नाही. ते उंबरठा कमी करू शकतं, चुंबकाला आडवा पाडू शकतं. पण १८० अंश वळवून नेमकं ‘खाली’ आण, असं त्याला स्वतःच्या बळावर सांगता येत नाही. प्रत्येक पंथाने या अडचणीला वेगळं उत्तर दिलं आहे, आणि त्या उत्तराची किंमतही वेगळी आहे.

स्फटिकातलाच दुवा

सर्वांत जुना विचार पिएर क्यूरीचा. १८९४ मध्ये त्याने सममितीच्या आधारावर म्हटलं होतं, की काही स्फटिकांत विद्युतक्षेत्राने चुंबकत्व आणि चुंबकक्षेत्राने विद्युतध्रुवीकरण निर्माण व्हायला हवं. त्याला साठ-पासष्ट वर्षांनी जागा मिळाली. झ्यालोशिन्स्कीने क्रोमियम ऑक्साइडचं नाव सुचवलं आणि १९६० मध्ये आस्त्रोव्हने त्यात हा परिणाम मोजून दाखवला. परिणाम इतका क्षीण होता, की विषय पुष्कळ काळ अभ्यासकांच्या कुतूहलापुरता उरला.

मधल्या काळात एक आडवाट निघाली, आणि तिच्याशी मराठी मुलखाचा जवळचा संबंध आहे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९७२ मध्ये व्हान सुख्टेलेनने कल्पना मांडली, की चुंबकीय फेराइट आणि ताणल्यावर विद्युतभार देणारा पदार्थ एकत्र भाजावा. व्होल्टेज लावलं की एक भाग आकाराने किंचित बदलतो, तो दुसऱ्याला ताणतो, आणि ताणलेल्या फेराइटचं चुंबकत्व बदलतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. ए. पाटील आणि बी. के. चौगुले यांच्या गटांनी फेराइट व टायटनेटच्या अशा मिश्र सिरॅमिकवर वर्षानुवर्षं काम केलं. ती सिरॅमिकची गोटी होती, पातळ थर नव्हे; साधनं साधी होती. पण मोठ्या निधीशिवाय विद्यापीठाच्या विभागात या विषयाची परंपरा उभी राहते, हे तिथे दिसलं.

मुख्य प्रवाहाला धक्का दिला तो २००० मध्ये निकोला स्पाल्डिन (तेव्हा हिल) यांच्या एका सरळ प्रश्नाने: एकाच वेळी चुंबकीय आणि फेरोइलेक्ट्रिक (म्हणजे स्वतःचं, व्होल्टेजने उलटवता येणारं विद्युतध्रुवीकरण असलेले) पदार्थ इतके कमी का? थोडक्यात उत्तर असं, की नेहमीच्या ऑक्साइडमध्ये चुंबकत्वाला अर्धवट भरलेली डी कक्षा लागते आणि फेरोइलेक्ट्रिकपणाला ती रिकामी असलेली बरी. यातून पळवाट बिस्मथने दिली. बिस्मथ फेराइटमध्ये विद्युतध्रुवीकरण बिस्मथमुळे येतं, चुंबकीय रचना लोहामुळे, आणि दोन्ही खोलीच्या तापमानाच्या खूप वरपर्यंत टिकतात. २००३ मध्ये राममूर्ती रमेश यांच्या गटाने त्याचा पातळ थर उगवून दाखवला आणि क्षेत्र अक्षरशः फुलून आलं.

पण त्या निबंधातले दोन दावे वेगळे काढून पाहिले पाहिजेत. थरात ध्रुवीकरण मोठं असतं हा दावा टिकला. थर पातळ केल्यावर चुंबकत्वही बरंच वाढतं हा दावा मात्र २००५ मध्ये केंब्रिजच्या एका गटाने खोडून काढला. त्यांच्या थरांत ते चुंबकत्व दिसलं नाही. बिस्मथ फेराइट मूलतः प्रतिलोहचुंबकीय आहे, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. त्यामुळे आज त्याच्याकडून स्वतः बिट होण्याची अपेक्षा कुणी फारशी ठेवत नाही. त्याने वर बसवलेल्या दुसऱ्या चुंबकीय थराला हाताळावं, एवढंच मागणं आहे.

ते मागणं २०१४ मध्ये पुरं झालं. हेरॉन, रमेश आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ फेराइटवरच्या कोबाल्ट-लोहाच्या थराची दिशा खोलीच्या तापमानाला व्होल्टेजने १८० अंशांत उलटवली. गुपित असं होतं, की ध्रुवीकरण एका उडीत न उलटता दोन पायऱ्यांत वळतं, ७१ आणि १०९ अंशांच्या, आणि प्रत्येक पायरीला चुंबकीय रचना सोबत फिरते. वर-खाली न कळणाऱ्या व्होल्टेजला स्फटिकाच्या रचनेने असा दिशेचा मार्ग दाखवला. पुढे याच धर्तीवर लँथॅनम मिसळलेल्या अतिपातळ थरांत २०० मिलिव्होल्टच्या घरात दिशाबदल दाखवला गेला, आणि इंटेलच्या गटाने २०१९ मध्ये १०० मिलिव्होल्टवर चालणाऱ्या संपूर्ण तर्क-परिपथाचा आराखडा मांडला.

क्रोमियम ऑक्साइडही विसरलं गेलेलं नाही. २०१० मध्ये क्रिस्टियान बिनेक यांच्या गटाने त्याच्या पृष्ठभागावरून शेजारच्या चुंबकीय थराला खोलीच्या तापमानाला उलटसुलट करून दाखवलं. पण त्याचं चुंबकीय क्रम टिकवण्याचं तापमान जेमतेम ३४ अंश सेल्सिअस आहे. जबलपूरच्या मे महिन्यात ते सहज ओलांडलं जाईल. बोरॉन मिसळून ते वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. शिवाय अवस्था निवडायला विद्युतक्षेत्रासोबत थोडं चुंबकक्षेत्रही लागतं, आणि मेमरीच्या आराखड्यात ते अडचणीचं असतं.

ताणाच्या वाटेनेही पातळ थरांत जोर धरला. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात सुप्रियो बंद्योपाध्याय आणि जयसिंह अतुलसिंह यांनी तिचा ऊर्जेचा हिशेब तपशीलवार मांडला. कागदावर तो फारच कमी येतो. अडथळे दोन. ताण चुंबकाला ९० अंशांपर्यंत नेतो, पुढचे ९० वेळ अचूक साधून मिळवावे लागतात. आणि पातळ थर खालच्या जाड तळाला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे तो मनासारखा ताणलाच जात नाही.

अर्धवाहकांची वाट आणि एक धडा

दुसरा पंथ म्हणतो, चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांवर किंवा होलांवर अवलंबून आहे त्यांची संख्याच व्होल्टेजने कमी-जास्त करा. हिदेओ ओहनो यांच्या गटाने २००० मध्ये मँगेनीज मिसळलेल्या इंडियम आर्सेनाइडमध्ये हे दाखवलं: गेटवर व्होल्टेज लावलं की चुंबकत्व येतं, काढलं की जातं. या सगळ्या क्षेत्राची नांदी बहुतेक लोक या निबंधापासून धरतात. पण तापमान खोलीच्या तापमानाच्या फारच खाली होतं.

खोलीच्या तापमानाला हेच साधेल का, या शोधात ऑक्साइड पुढे आले. इथे पुणेकर वाचकाला ओळखीचं नाव भेटतं. पुणे विद्यापीठात पुष्कळ वर्षं काम करून मेरीलँडला गेलेले आणि पुढे एनसीएल व आयसर पुण्याला परतलेले सतीशचंद्र ओगले, आणि त्यांच्यासोबत शिंदे, झाओ, वेंकटेसन, रमेश आदींनी २००५ मध्ये कोबाल्ट मिसळलेल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या थरावर फेरोइलेक्ट्रिक गेट बसवला आणि खोलीच्या तापमानाला चुंबकत्वात सुमारे १५ टक्के उलटसुलट बदल मोजला.

वाद पदार्थाच्या चुंबकत्वावरच होता. कोबाल्ट खरोखर स्फटिकभर पसरलेला आहे, की त्याचे नॅनोमीटरभर पुंजके झाले आहेत आणि आपण त्या पुंजक्यांचंच चुंबकत्व मोजतो आहोत? लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की जपून बोला असा पुरावा याच मेरीलँड गटाने २००४ मध्ये स्वतः छापला होता: रूटाइल रूपातल्या, ऑक्सिजन बराच काढून घेतलेल्या थरात कोबाल्टचे पुंजके असतानाही, अस्सल चुंबकत्वाची खूण मानला जाणारा असामान्य हॉल परिणाम दिसतो. त्यानंतर एखादीच खूण पुरावा म्हणून पुढे करणं कठीण झालं. विरल चुंबकीय ऑक्साइडवरचा उत्साह पुढच्या दहा वर्षांत बराच ओसरला. माझ्या मते या पंथाचा खरा वारसा पदार्थांपेक्षा पद्धतीत आहे: थर नेमका कशाचा आहे हे तीन-चार वेगळ्या मोजमापांनी सिद्ध केल्याशिवाय व्होल्टेजचा परिणाम सांगू नये, ही शिस्त.

धातूच्या काही अणूंचा थर

धातूत विद्युतक्षेत्र शिरत नाही, मग चुंबकीय धातूवर व्होल्टेजचा परिणाम होईलच कसा? २००७ मध्ये वाइसहाइट आणि सहकाऱ्यांनी लोह-प्लॅटिनमचा दोनेक नॅनोमीटर जाडीचा थर विद्युतविलायक द्रवात बुडवला, पृष्ठभागावर तीव्र क्षेत्र निर्माण केलं आणि चुंबक उलटवायला लागणाऱ्या क्षेत्रात काही टक्के बदल दाखवला. क्षेत्र आत शिरत नसलं तरी पहिल्या अणुथरापर्यंत पोचतं, आणि थर दोन-चार अणूंचाच असेल तर तेवढंही पुरतं.

२००९ मध्ये ओसाकाच्या योशिशिगे सुझुकी यांच्या गटाने द्रव काढून टाकला. लोहाचे काही अणुथर, त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा असलेली रचना. आणि लंब असमदिशतेत, म्हणजे चुंबकाने थराला काटकोनात उभं राहण्याच्या ओढीत, सुमारे ४० टक्के बदल. त्या निबंधाच्या लेखकांत अश्विन तुळपुरकर होते. स्पिनच्या प्रवाहाने चुंबकीय जोडणीत डायोडसारखा परिणाम होतो हे दाखवणाऱ्या २००५ च्या निबंधाचे ते पहिले लेखक, आणि आज आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक. प्रवाह आणि व्होल्टेज या दोन्ही वाटांच्या मुळाशी हात लागलेली माणसं जगात थोडी आहेत.

ही वाट उद्योगाला जवळची वाटते याचं कारण उघड आहे: आजच्या चुंबकीय मेमरीतलेच पदार्थ, तेच थर, तीच यंत्रं. दिशा निवडण्याचा प्रश्न इथे चुंबकाच्या गतीने सोडवतात. व्होल्टेजने उभं राहण्याची ओढ काढून घेतली, की चुंबक आडव्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखा घुमू लागतो; तो अर्धा फेरा पूर्ण करतो त्याच क्षणी व्होल्टेज काढायचं, म्हणजे तो उलट्या बाजूला स्थिरावतो. २०१२ मध्ये शिओता आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपासच्या स्पंदांनी हे करून दाखवलं. पेच असा, की हा आदेश ‘खाली जा’ असा नसतो, ‘उलट हो’ एवढाच असतो. त्यामुळे लिहिण्याआधी बिट वाचावा लागतो, आणि स्पंदाची लांबी थोडी चुकली तर चुंबक भलतीकडे थांबतो. चुकांचं प्रमाण जपानच्या संशोधकांनी दहा लाखांत एकाच्या घरापर्यंत खाली आणलं. मुख्य मेमरीला याहून कितीतरी कमी लागतं.

परिणाम नेमका कशामुळे होतो, हाही प्रश्न पुरता मिटलेला नाही. सर्वमान्य उत्तर असं, की व्होल्टेजने सीमेवरच्या अणूंच्या डी कक्षांतली भरती बदलते. नेब्रास्कात काम करताना मनीष निरंजन, त्सिंबाल आदींनी लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सीमेसाठी हे गणिताने मांडलं होतं. नंतर काही जड मूलद्रव्यांत भारवाटपाच्या विषम आकारामुळे येणारी दुसरी यंत्रणाही काम करते असं क्ष-किरण मोजमापांवरून सुचवलं गेलं. दोन्ही एकत्र असू शकतात. कोणत्या थरात कोणती किती, यावर एकमत नाही.

आयन हलवायचे का?

चौथा पंथ धीट आहे. इलेक्ट्रॉन थोडेसे सरकवण्यापेक्षा ऑक्सिजनचे आयनच सीमेवर आणा किंवा तिथून काढून घ्या, म्हणजे कोबाल्टचं ऑक्साइड होईल किंवा परत धातू होईल. २०१५ मध्ये एमआयटीच्या जेफ्री बीच यांच्या गटाने असा बदल दाखवला, आणि तो इलेक्ट्रॉनांच्या वाटेपेक्षा कितीतरी मोठा होता. शिवाय व्होल्टेज काढलं तरी बदल टिकतो. २०१९ मध्ये ऑक्सिजनऐवजी हायड्रोजनचे आयन वापरून याच गटाने ऑक्सिडीकरणाने होणारी नासधूस टाळली.

दोष वेगाचा आहे. आयन जड असतात आणि त्यांचं सरकणं मेमरीच्या नॅनोसेकंदांपुढे फार संथ पडतं. समर्थकांचं म्हणणं असं, की मुख्य मेमरी सोडा. मेंदूच्या धर्तीवरच्या परिपथांत संथ पण टिकाऊ आणि थोडाथोडा बदलणारा घटकच हवा असतो. हा युक्तिवाद बिनतोड नाही, कारण तिथे इतर पदार्थांच्या साधनांशी त्यांना स्पर्धा करावी लागते.

या पंथाने जुन्या निबंधांवरही एक सावली टाकली. पूर्वी ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणून छापलेले काही मोठे परिणाम खरं तर आयनांचे तर नव्हते? परिणाम मोठा, संथ आणि व्होल्टेज गेल्यावरही उरणारा असेल, तर आज पहिला संशय आयनांवर घेतला जातो.

हिशेब कुठे थांबवायचा?

सगळ्यांत जास्त मतभेद ऊर्जेच्या आकड्यांवर आहेत. ५० नॅनोमीटर व्यासाचा बिट आणि दीड नॅनोमीटरचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा धरला, तर त्याची धारिता सुमारे १०⁻¹⁶ फॅरड येते. एका व्होल्टला ऊर्जा सुमारे ०.१ फेम्टोज्यूल. प्रत्यक्ष साधनावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस गटाने २०१६ मध्ये त्याच आकाराच्या बिटसाठी सुमारे ६ फेम्टोज्यूल नोंदवले, कारण पडद्यातून थोडा प्रवाह गळतोच. प्रवाहाच्या मेमरीपेक्षा हे दहा-वीसपट चांगलं, पण आदर्शापेक्षा साठपट वाईट. आणि हा नुसत्या बिटचा खर्च आहे. तारा भरणं, ट्रान्झिस्टर, नेमका स्पंद घडवणारा परिपथ आणि लिहिण्याआधीचं वाचन धरलं, तर फायदा किती उरतो? टीकाकारांचा हा मुद्दा रास्त आहे. समर्थक म्हणतात, प्रवाह कमी लागला की ट्रान्झिस्टर लहान करता येतो आणि तिथेही बचत होते. पूर्ण चिपवर समोरासमोर मोजल्याशिवाय हा वाद मिटण्यासारखा नाही.

दुसरा हिशेब आकाराचा. व्होल्टेजची पकड मोजायचं एकक फेम्टोज्यूल प्रति व्होल्ट-मीटर आहे. नेहमीच्या कोबाल्ट-लोह-बोरॉन थरांत ते ३० ते १०० च्या दरम्यान असतं. ३० नॅनोमीटरच्या बिटला वर सांगितलेला साठपट उंबरठा द्यायचा, तर असमदिशता प्रति चौरस मीटर सुमारे ०.३५ मिलिज्यूल हवी. ती पूर्ण काढून घ्यायला नॅनोमीटरला एक व्होल्ट एवढ्या क्षेत्राला, जे पडदा फुटण्याच्या फार दूर नाही, पकड सुमारे ३५० लागते. बिट २० नॅनोमीटरचा केला तर ८०० च्या आसपास. जपानच्या गटाने २०१७ मध्ये लोहात थोडं इरिडियम मिसळून ३२० पर्यंत मजल मारली. म्हणजे आजच्या आकाराला ही वाट जेमतेम पोचते, उद्याच्या आकाराला अजून नाही.

बिस्मथ फेराइटच्या वाटेवर अडचण कारखान्याची आहे. त्याचे चांगले थर सहसा ६०० अंशांच्या वर उगवतात, तर ट्रान्झिस्टर आणि तारा तयार झाल्यावर चिपला साधारण ४०० अंशांपेक्षा जास्त उष्णता सोसत नाही. शिवाय फेरोइलेक्ट्रिक थर पुन्हापुन्हा उलटवल्यावर थकतात. प्रयोगशाळेतली काही हजार चक्रं आणि मेमरीला लागणारी अब्जावधी चक्रं यांत मोठी दरी आहे.

या कोंडीतून संकरित वाटा निघाल्या. शेजारच्या जड धातूच्या पट्टीतला प्रवाह दिशा ठरवतो, व्होल्टेज फक्त उंबरठा खाली करतं. बेल्जियममधल्या आयमेकने अशी साधनं दाखवली आहेत. शुद्धतावाद्यांना ही तडजोड वाटते. मला मात्र ती समंजस वाटते: व्होल्टेजला जे जमत नाही ते त्याच्याकडून मागायचंच नाही.

जबलपूरहून पाहताना

मध्य भारतातल्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात शिरायचं, तर दारं कुठे आहेत? जबलपुरात डुमना रस्त्यावर २००५ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि विनिर्माण संस्था आहे. परिपथाच्या बाजूचं, म्हणजे स्पंद, वाचन आणि चुका सुधारणं, हे काम अशा ठिकाणी संगणकावरच पुष्कळ पुढे नेता येतं. थर उगवायला आणि मोजायला इंदूर जवळ. तिथे यूजीसी-डीएई संशोधन संघाच्या प्रयोगशाळा विद्यापीठांतल्या लोकांसाठीच आहेत, आणि राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषणाने कोबाल्ट धातू आहे की ऑक्साइड, हे पाहता येतं. आयनांच्या वादात नेमकं हेच विचारलं जातं. पुरलेल्या थराचं चुंबकत्व खोलीनुसार मोजायला तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर ध्रुवीकृत न्यूट्रॉनांचं परावर्तनमापक आहे. साधन घडवायला आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांची स्वच्छ दालनं बाहेरच्या संशोधकांना वापरकर्ता कार्यक्रमातून मिळतात.

कारखान्याची बाजू वेगळी. साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प मेमरीची जुळणी आणि चाचणी करणारा आहे, मेमरी घडवणारा नव्हे. धोलेरात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा जो कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला, त्याच्या जाहीर यादीत २८ नॅनोमीटर तंत्र आहे, आणि चुंबकीय मेमरी चिपच्या आत बसवून विकली गेली ती याच तंत्रावर. पण धोलेऱ्याचा जाहीर भर वीज-व्यवस्थापनाच्या चिप्स, डिस्प्ले चालक आणि मायक्रोकंट्रोलरवर आहे. यांपैकी मायक्रोकंट्रोलरमध्ये आज फ्लॅश मेमरी असते, आणि २८ नॅनोमीटरच्या खाली ती लहान करणं अवघड होत चाललं आहे. चिपच्या आतल्या चुंबकीय मेमरीने जगभर शिरकाव केला तो त्याच जागेवर, आणि तोही अजून प्रवाहाने लिहूनच. व्होल्टेजची वाट प्रत्यक्षात आली तर तिचं पहिलं गिऱ्हाईक बहुधा तिथेच असेल: डेटा सेंटरच्या मोठ्या मेमरीत नव्हे, तर बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या मीटरमध्ये किंवा संवेदकात, जिथे क्वचित लिहायचं असतं आणि जिथे दहा लाखांत एक चूक परिपथाला सुधारून घेता येते.